सरकतं शून्य



सुरुवात एका हिशेबानं करू. उत्तर प्रत्येकानं मनातल्या मनात द्यायचं, शेजारच्याला विचारायचं नाही. तुम्ही दुकानात दोन वस्तू घेताय: दीडशे रुपयांचा कॅल्क्युलेटर आणि साडेबाराशेचं जाकीट. विक्रेता हळूच सांगतो, की वीस मिनिटांवर आमची दुसरी शाखा आहे, तिथे हाच कॅल्क्युलेटर शंभराला मिळेल. जाल? आता किमती उलट्या करा. कॅल्क्युलेटर साडेबाराशेचा, जाकीट दीडशेचं, आणि दुसऱ्या शाखेत कॅल्क्युलेटर बाराशेला. आता जाल? 1981 साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न डॉलरमध्ये विचारला होता. पहिल्या रूपात 68 टक्के लोक जायला तयार झाले, दुसऱ्या रूपात फक्त 29 टक्के. एकूण बिल तेच, वाचणारी रक्कम तीच, वीस मिनिटंही तीच. मग बदललं काय? रक्कम कशाच्या शेजारी ठेवली, एवढंच बदललं.

मेथीची जुडी वीसला की पंधराला यावरून मंडईत चार गाळे फिरणारे आपण, फ्लॅटच्या व्यवहारात 'पार्किंगचे वेगळे अडीच लाख' हे वाक्य ऐकून नुसती मान डोलावतो. लग्नाचा हॉल ठरला, जेवणाचं ठरलं, मग सजावटीच्या पन्नास हजारांना आपण म्हणतो, 'एवढं करतोच आहोत, त्यात हे काय!' वाक्य ओळखीचं आहे ना? ज्याच्या पाकिटातून पैसे जातात त्याच्या दृष्टीनं पाच रुपये कुठेही पाचच असायला हवेत. रुपयाला स्वतःचं एक वजन आहे, असं हिशेबाची वही म्हणते. मेंदूला ते कधीच मान्य नसतं. तो 'किती' हे मोजतच नाही. तो 'धरलं होतं त्यापेक्षा किती' हे मोजतो. त्याच्या मोजपट्टीवर शून्य आहे, पण ते शून्य एका जागी ठोकलेलं नाही. ते सरकतं, आणि बऱ्याचदा दुसरं कुणीतरी ते सरकवत असतं. रोजच्या निर्णयांतल्या सगळ्या नव्हे, पण फार मोठ्या चुका या सरकत्या शून्यातून येतात. आजच्या व्याख्यानात मला मांडायचं आहे ते हेच.

त्याआधी एक लोकप्रिय गोष्ट बाजूला सारली पाहिजे. आपल्या डोक्यात दोन माणसं राहतात, एक भावनेच्या भरात वाहणारा आणि दुसरा थंड डोक्यानं विचार करणारा, आणि पहिल्यानं दुसऱ्यावर मात केली की चूक होते, असं आपण सर्रास ऐकतो. विसाव्या शतकात पॉल मॅकलीन या अमेरिकी शास्त्रज्ञानं या समजुतीला शारीरिक रूप दिलं. तळाशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू, त्यावर सस्तनांचा, आणि सगळ्यांत वर विवेकी माणसाचा, असा तीन मजली वाडा. व्यवस्थापनाच्या शिबिरांत आणि व्हॉट्सॲपवर हा वाडा अजून उभा आहे. मेंदूची उत्क्रांती अभ्यासणाऱ्यांनी तो केव्हाच सोडला. मेंदू मजल्यावर मजले चढवत वाढलेला नाही. पण त्याहून मोठी अडचण पुराव्याची आहे. भावना हाच जर चुकीचा उगम असेल, तर भावना वजा केल्यावर निर्णय सुधारायला हवेत. सुधारतात का?

अंतोनियो दमासिओ या मेंदुतज्ज्ञानं 1994 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात एका रुग्णाची हकिगत सांगितली आहे. त्यानं त्याला एलियट हे टोपणनाव दिलं. कपाळामागच्या भागात गाठ झाली, शस्त्रक्रियेनं काढली, तिच्याबरोबर आसपासचा खराब झालेला भागही गेला. बुद्धीच्या चाचण्यांत एलियट सरासरीच्या वरच राहिला. स्मरण उत्तम, बोलणं सुसंगत. पण नोकरी गेली, धंद्यात घातलेली पुंजी बुडाली, संसार मोडला. एखादी फाईल कशी लावावी, तारखेप्रमाणे की विषयाप्रमाणे, यात त्याची दुपार निघून जाई. स्वतःची शोकांतिका तो दुसऱ्याची असावी इतक्या अलिप्तपणे सांगे. अशाच इजेच्या आणखी एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तेव्हा तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींच्या बाजूनं आणि विरुद्ध कारणं मांडत बसला: आधीच्या भेटी, हवामान, बाकीची कामं. अखेर डॉक्टरांनी 'दुसरी तारीख घ्या' म्हटल्यावर 'ठीक आहे' म्हणून उठला. तर्क शाबूत होता, कारणांची यादी बिनचूक होती. त्यातलं कुठलं कारण जड आणि कुठलं हलकं, हे सांगणारं काही उरलं नव्हतं. म्हणजे भावना काढल्या की विवेक उरत नाही. उरते ती नुसती यादी. तेव्हा चुकांचा उगम शोधायचा तर भावना विरुद्ध विवेक या भांडणात शोधून उपयोग नाही. वजन करण्याची ही क्रियाच कशी चालते, तिथे पाहिलं पाहिजे.

ती कशी चालते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा माकडांकडून आला. वोल्फ्राम शुल्त्स या शास्त्रज्ञानं, आधी स्वित्झर्लंडमध्ये आणि पुढे केंब्रिजमध्ये, माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या चेतापेशी एकेक करून ऐकल्या. 'ऐकल्या' हा शब्द मुद्दाम वापरतोय. केसाहून बारीक तार पेशीजवळ नेली, की पेशीनं दिलेली प्रत्येक ठिणगी यंत्रावर टक्क अशी ऐकू येते. या पेशी एरवी सेकंदाला तीन ते पाच वेळा टकटकत असतात. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला, की टकटक एकदम वाढते. यात नवल नाही. रस आवडला, पेशी खूश झाली, असं वाटतं. पण आता रसाच्या थोडं आधी दिवा लावायला सुरुवात करा. काही वेळानं माकड शिकतं की दिवा म्हणजे रस. आणि मग पेशी दिवा लागताच वाजते. रस पडतो तेव्हा? काही नाही. नेहमीची संथ टकटक. रस तोच, गोडी तीच, जीभही तीच. पण पेशीच्या लेखी बातमी संपलेली आहे. खरी गंमत पुढे आहे. दिवा लावला आणि रस दिलाच नाही. ज्या क्षणी रस पडायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प होते. काहीही घडलेलं नसताना तिनं एका घटनेची नोंद केली: अपेक्षाभंगाची.

1997 साली शुल्त्सनं पीटर डायन आणि रीड माँटेग्यू या दोघांबरोबर हे सूत्र मांडलं. डोपामाइनच्या या पेशी सुख मोजत नाहीत, अपेक्षा आणि मिळकत यांतला फरक मोजतात. अधिक मिळालं तर वर, तेवढंच मिळालं तर शांत, कमी मिळालं तर खाली. वर्तमानपत्रांत डोपामाइनला 'सुखाचं रसायन' म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती या प्रयोगापुढे टिकत नाही. शिकण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. जे आधीच ठाऊक आहे त्यापासून शिकण्यासारखं काही नसतं. जिथे अंदाज चुकला तिथेच शिकायचं असतं. पण तीच यंत्रणा जेव्हा किंमत ठरवायला बसते, तेव्हा काय होतं पाहा. 1999 साली लेआँ त्रँब्ले आणि शुल्त्स यांनी डोळ्यांच्या वरच्या बाजूला, कपाळामागे असलेल्या भागातल्या पेशी तपासल्या. माकडाला धान्य, सफरचंद आणि बेदाणे यांतलं काय किती आवडतं ते आधी बघून ठेवलं: बेदाणे सर्वांत जास्त, मग सफरचंद, मग धान्य. सफरचंद आणि धान्य अशी जोडी चालू असताना एक पेशी सफरचंदाला जोरात प्रतिसाद देई. जोडी बदलून बेदाणे आणि सफरचंद अशी केली, तर तीच पेशी बेदाण्यांना प्रतिसाद देई, सफरचंदाला नाही. फोड तीच. काल पहिल्या नंबरानं पास झाली, आज नापास.

मेंदूनं असं का करावं? कारण त्याला दुसरा मार्ग नाही. चेतापेशी सेकंदाला काही शे ठिणग्यांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि बाहेरच्या जगात मापांचा पसारा अफाट आहे. चांदण्या रात्रीचा उजेड आणि भर दुपारचं ऊन यांत लाखो ते कोट्यवधी पटींचा फरक असतो. तेवढी लांब मोजपट्टी पेशीत मावत नाही. म्हणून डोळा भोवतालच्या उजेडाला शून्य मानतो आणि त्याच्या वरखाली काय आहे तेवढं सांगतो. शिवाय मेंदू हा महागडा अवयव आहे: शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के आणि विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेचा सुमारे 20 टक्के खप. जे बदललेलं नाही त्याची खबर पुन्हा पुन्हा पाठवणं त्याला परवडत नाही. किंमत मोजणाऱ्या पेशी डोळ्याच्याच मातीच्या आहेत. त्यांनी रुपयाला वेगळा नियम का लावावा?

आता बाजारात येऊ. ऐकणाऱ्यांत शेअर घेणारे बरेच असतील. घेतलेला शेअर पडला की आपण काय म्हणतो? 'घेतलेल्या भावाला आला की काढून टाकतो.' आणि वर गेला की? 'नफा पदरात पाडून घेऊ.' 1998 साली टेरन्स ओडीननं एका अमेरिकी दलाली पेढीतली 10,000 खाती तपासली. लोकांनी हाताशी असलेल्या नफ्यांपैकी सुमारे 15 टक्के नफे पदरात पाडून घेतले होते, आणि तोट्यांपैकी सुमारे 10 टक्के मान्य केले होते. विकून टाकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात जपून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरस ठरले. आता शांतपणे विचार करा. मी तो शेअर कितीला घेतला होता, हे कंपनीला ठाऊक नाही, बाजाराला ठाऊक नाही, उद्याच्या भावाला तर मुळीच ठाऊक नाही. कराचा हिशेब सोडला तर खरेदीचा भाव हा इतिहासजमा आकडा आहे. आपलं शून्य मात्र तिथेच रोवलेलं असतं.

याचा मेंदूतला माग कॅरी फ्रिडमन, कॉलिन कॅमरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. तो अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांनी शेअरांची खरेदीविक्री करायला लावली. बाजार असा रचला होता, की वाढणारा शेअर पुढेही वाढण्याची शक्यता अधिक. म्हणजे शहाणपण नफ्यातला ठेवण्यात आणि तोट्यातला विकण्यात होतं, आणि खरेदीच्या भावाला काही अर्थ नव्हता. तरी लोक उलटच वागले. विकावं की ठेवावं हा निर्णय घेताना, किंमत मोजण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कपाळामागच्या भागातली हालचाल खरेदीच्या भावापासून शेअर किती वर वा खाली आहे याच्याशी जुळत होती. ज्यांच्यात हे जुळणं अधिक, त्यांच्यात चूकही अधिक. चूक नेमकी कशाच्या तुलनेमुळे होते आहे, ते इथे प्रथमच इतक्या जवळून दिसलं.

शून्य सरकवायला कधी कधी एक क्रियापद पुरतं. लंडनमध्ये बेनेदेत्तो दे मार्तिनो आणि सहकाऱ्यांनी 2006 साली वीस जणांना 50 पौंड दिल्याचं सांगितलं. पुढे दोन वाटा: ठरलेली रक्कम घ्या किंवा जुगार खेळा. ठरलेली रक्कम कधी '20 पौंड राखा' अशी लिहिली, कधी '30 पौंड गमवा' अशी. पन्नासातले तीस गेले की वीसच राहतात, हे त्या वीस जणांना न कळण्यासारखं नव्हतं. तरीही 'राखा' वाचून जुगाराकडे वळण्याचं प्रमाण 43 टक्के होतं आणि 'गमवा' वाचून 62 टक्के. 'राखा'चं शून्य रिकाम्या खिशाशी आहे, 'गमवा'चं पन्नासाशी. शब्दांच्या ओघात वाहत केलेल्या निवडींच्या वेळी मेंदूतला अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग अधिक जागा होत होता.

इथे तुमच्यातला चिकित्सक श्रोता हात वर करील, आणि त्यानं करावा. मेंदूतला अमुक भाग उजळला, हे सांगून काही समजावलं जातं का? रंगीत चित्र म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. आक्षेप रास्त आहे. एफएमआरआय यंत्र विचार पाहत नाही. रक्तातल्या प्राणवायूतले फरक पाहतं, आणि त्याच्या एका ठिपक्यात लाखो पेशी असतात. 2009 साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली, आणि संख्याशास्त्रातली आवश्यक ती दुरुस्ती न करता आकडेमोड केली. मेलेल्या माशाचा मेंदू 'उजळला'! या कामाला 2012 साली इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, आणि ते या क्षेत्रातल्या खऱ्या पारितोषिकांइतकंच उपयोगी पडलं. शिवाय निकाल एकमेकांशी भांडतातही. तोट्याच्या धास्तीचंच घ्या. तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख साधारण दुप्पट, हे कानमन आणि ट्वर्स्की यांचं प्रसिद्ध मोजमाप. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या दोन स्त्रियांना ही धास्ती वाटत नाही, असं 2010 साली दिसलं. म्हणजे धास्ती अमिग्डालात? पण त्याआधी, 2007 साली, रसेल पोल्ड्रॅक यांच्या गटाला निरोगी माणसांत अमिग्डालाची विशेष हालचाल सापडलीच नव्हती. त्यांना दिसलं ते असं, की बक्षिसाला जागे होणारे भागच तोट्याच्या शक्यतेनं अधिक वेगानं विझतात. मघाच्या डोपामाइन पेशींनी तर आणखी पंचाईत केली आहे. सेकंदाला पाच टकटकींवरून वर जायला भरपूर जागा आहे, खाली जायला फक्त पाच. एकट्या त्यांच्यावर कारभार असता, तर तोटा नफ्यापेक्षा हलका वाटायला हवा होता.

मग माझा मुद्दा पडला का? मला तसं वाटत नाही. 'कुठे' हा प्रश्न अजून वादात आहे. 'कसं' या प्रश्नाचं उत्तर मात्र रंगीत चित्रांवर उभं नाही. ते एकेका पेशीच्या नोंदींवर, माणसांच्या प्रत्यक्ष निवडींवर आणि बाजारातल्या खात्यांवर, अशा तीन निरनिराळ्या पायांवर उभं आहे, आणि तिन्हींकडे तोच आकार दिसतो: मोजणी तुलनेनं होते. एखाद्या भागाला नाव दिलं म्हणून काही समजत नाही. ती क्रिया काय केलं तर बदलते हे सांगता आलं, तर समजतं.

दुसरा आक्षेप बर्लिनच्या गेर्ड गिगरेंझर यांचा, आणि तो अधिक खोल आहे. ते म्हणतात, माणूस मूर्ख नाही, प्रश्न वाकडे विचारले जातात. त्यांचं उदाहरण डॉक्टरांचं. स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण 1 टक्का, चाचणी तो 80 टक्के वेळा पकडते, निरोगी स्त्रीलाही जवळजवळ 10 टक्के वेळा खोटी हूल देते. चाचणी पॉझिटिव्ह आली तर रोग असण्याची शक्यता किती? कित्येक डॉक्टर 70–80 टक्के सांगतात. आता तेच असं सांगा: हजार स्त्रियांपैकी दहा जणींना रोग आहे, त्यांतल्या आठ जणी चाचणीत सापडतात, उरलेल्या 990 निरोगी स्त्रियांपैकी सुमारे 95 जणींचीही चाचणी पॉझिटिव्ह येते. आता उत्तर डोळ्यांसमोर आहे: 103 मधल्या आठ, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. गिगरेंझर यांचं मला पूर्ण पटतं. फक्त त्यांनी तो आक्षेप म्हणून मांडला आहे, मी पुरावा म्हणून घेतो. शून्य कुठे ठेवून आकडा दाखवला, यावर डॉक्टरचंही उत्तर ठरतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

तिसरी गोष्ट थोडक्यात, पण ती विसरून चालणार नाही: चूक झाली तरी ती चूक वाटत का नाही? मायकेल गझानिगा यांच्या एका रुग्णाच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा पूल फेफऱ्यावरच्या उपचारासाठी कापला होता. बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फ पडलेलं अंगण. चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितल्यावर उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्यानं फावडं. फावडं कशाला, असं विचारल्यावर बोलणाऱ्या गोलार्धानं, ज्याला बर्फाचा पत्ताच नव्हता, तत्काळ उत्तर दिलं: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला. अडखळला नाही, 'माहीत नाही' म्हणाला नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हा निवेदक बसलेला आहे. तोट्यातला शेअर धरून ठेवणारा 'मी माझ्या शून्याला चिकटून बसलोय' असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'कंपनीचे फंडामेंटल्स चांगले आहेत.'

आता ही सगळी यंत्रणा एका ठिकाणी एकत्र काम करताना पाहायची असेल, तर सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेला फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा अभ्यास पाहा. 2021–22 ते 2023–24 या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तिगत गुंतवणूकदार या बाजारात उतरले. त्यांतल्या 93 टक्क्यांनी पैसे गमावले, सरासरी सुमारे दोन लाख प्रत्येकी. सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. यापुढचा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. लागोपाठ वर्षं तोटा होऊनही त्यांतले पाऊणहून अधिक लोक खेळत राहिले. ही माणसं अडाणी नाहीत. त्यांना टक्केवारी कळते. मग का थांबत नाहीत? एक तर त्यांचं शून्य तोट्याच्या तळाशी सरकत नाही. ते 'मूळ भांडवला'शी रुतून बसतं, आणि तिथून पाहिलं तर जुगार हीच परतीची वाट दिसते, नेमकी 'गमवा' वाचणाऱ्यांना दिसली तशी. दुसरं, हुकलेला नेम. ल्यूक क्लार्क यांच्या गटानं 2009 साली चित्रं जुळवण्याच्या जुगारी यंत्रावर दाखवलं, की थोडक्यात हुकलेली खेळी लोकांना साफ हरण्यापेक्षा कडू लागते, आणि तरी पुढची खेळी खेळण्याची इच्छा वाढवते. जिंकल्यावर जे भाग जागे होतात ते हुकल्यावरही होतात. मुंबईच्या मटक्यावाल्यांना हे स्कॅनरशिवाय ठाऊक होतं. आकडा एका घरानं हुकला की माणूस दुसऱ्या दिवशी नक्की येतो.

यावर उपाय काय? आपल्याकडचं पहिलं उत्तर मनोनिग्रह. समर्थांनी मनाला समजावण्यासाठी दोनशेवर श्लोक रचले, म्हणजे मन सहज ऐकणाऱ्यांतलं नाही हे त्यांनाही ठाऊक असावं. पण परंपरेचा केवळ निग्रहावर विश्वास होता, हे काही खरं नाही. एकादशी कधी करायची हे त्या दिवशीच्या भुकेला विचारून ठरत नाही, पंचांगात आधीच ठरलेलं असतं. भिशीचं घ्या. व्याज नाही, पावती नाही, हातात येणार ते आपलेच पैसे. हिशेबाच्या वहीला भिशीत काही राम दिसत नाही, आणि मधल्यामधे पैसे घेऊन पळालेल्यांच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत. तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती का? महिन्याच्या पहिल्या तारखेला हजार रुपये चार बायकांसमोर बाजूला पडले, की घरखर्चाचं शून्य त्या हजाराच्या खाली सरकतं. ते पैसे 'गेले' असं वाटत नाही, कारण ते कधी 'होते' म्हणून मोजलेच गेले नाहीत. भिशीतल्या बायकांचे मेंदू कुणी तपासलेले नाहीत. हा माझा तर्क आहे. पण याच तत्त्वावर रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात बचतीची योजना आखली. आज कपात नको, पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातून थोडी वाढवू, असं आधीच कबूल करून घ्यायचं. घरी येणारा पगार कधी घटला नाही, म्हणून तोटा कधी जाणवला नाही. योजनेत आलेल्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली.

कुणी म्हणेल, ही तर लोकांना न सांगता वळवण्याची कला झाली. शून्य सरकवण्याचा अधिकार सरकारला किंवा मालकाला कुणी दिला? प्रश्न योग्य आहे. फक्त तो विचारताना असं गृहीत धरू नये, की आज कुणीच शून्य सरकवत नाही. खोडलेली एमआरपी कोण छापतं? 'फक्त दोन शिल्लक' कोण लिहितं? शून्य कुणीही न ठेवलेला पडदा अस्तित्वातच नाही. तेव्हा वाद 'ठेवावं की नाही' याचा नाही, कुणी ठेवावं आणि ते सगळ्यांना दिसेल अशा रीतीनं ठेवावं की नाही, याचा आहे. थेलर यांच्या योजनेतून कधीही बाहेर पडता येत होतं, आणि ती काय करते हे सांगून केलेली होती. ऑप्शन्सच्या ॲपबद्दल तसं म्हणवेल का?

सेबीनं ऑक्टोबर 2024 मध्ये सहा उपाय जाहीर केले. कराराचा किमान आकार 15 लाखांवर नेला, दर आठवड्याला संपणारे करार प्रत्येक बाजारात एका निर्देशांकापुरते ठेवले, दलालांनी पूर्ण प्रीमियम आधी घ्यावा असं सांगितलं. चांगले उपाय आहेत. पण 2024–25 मध्येही तोट्यात गेलेल्यांचं प्रमाण 91 टक्के निघालं. हे उपाय 'किती' या प्रश्नाला हात घालतात: किती मोठा करार, किती वेळा. फ्रिडमन यांनी अँतोनिओ रांगेल यांच्याबरोबर आणखी एक प्रयोग केला आहे. खरेदीविक्रीच्या पडद्यावरून त्यांनी फक्त खरेदीचा भाव काढून टाकला. बाकी बाजार तसाच. नफा घाईनं विकण्याची आणि तोटा कवटाळून बसण्याची खोड 25 टक्क्यांनी घटली. आपल्या फोनवरच्या ॲपमध्ये खरेदीच्या भावापासूनचा फरक लाल-हिरव्या अक्षरांत, सगळ्यांत वर असतो. तो कुठे आणि किती मोठा दिसावा, याबद्दल त्या सहा उपायांत एक ओळही नाही.